गोल कापलेले कोपरे

तिला बसा म्हटलं तर ती बसते, नाही असं नाही. पण खुर्चीच्या अगदी कडेवर, निम्मी उठलेलीच. लहानपणी आई वैतागून म्हणायची, या पोरीला देवानं पायाला भिंगरी बांधूनच पाठवलंय. पुढं एकदा आई गुडघ्यांचं औषध न्यायला ती काम करते त्या दुकानात आली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, भिंगरे, जरा एका जागी उभी राहा की. झालं. त्या दिवसापासून मालकांच्या तोंडी तेच नाव बसलं. गिऱ्हाइकं ताई म्हणतात. परवान्याच्या कागदावर तिचं चांगलं लांबलचक नाव आहे, पण ते वाचायची वेळ दुकानाच्या तपासणीला कोणी आलं तरच येते.

औषधाच्या या दुकानात फार्मासिस्ट म्हणून तिला एकोणीस वर्षं झाली. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर वाचायच्या कामावर आहे. तो म्हणतो, मी दिवसाला शंभर मीटर वाचतो, पण हिचा काटा कधी थांबलेला पाहिला नाही. कुलूप लावून चार पावलं गेली की ती परत येते आणि कुलूप ओढून बघते. मुलगी दुसऱ्या शहरात शिकते. तिला दिवसातून दोनदा फोन, आणि दोन्ही वेळा तेच प्रश्न. माणसं कंटाळतात हे तिला कळतं. पण औषधाच्या दुकानात असला स्वभाव म्हणजे दोष नव्हे, भांडवल आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचणारं माणूस तिथं लागतंच, आणि ही तीनदा वाचते.

दुकानात उरलेल्या औषधांची पेटी आहे, ते खूळ तिचंच. सासरे गेले तेव्हा त्यांची उरलेली औषधं तिनं एका पिशवीत बांधली आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकली, सगळे टाकतात तशीच. संध्याकाळी कामावरून परत येते तो गल्लीतल्या दोन पोरींनी पायरीवर दुकान मांडलेलं, आणि विकायला सासऱ्यांच्या हृदयाच्या गुलाबी गोळ्या. एका बाहुलीला दोन गोळ्या चारून झाल्या होत्या. पोरींनी स्वतः काही खाल्लं नव्हतं. हिनं दोघींची तोंडं उघडून आतून बोट फिरवलं, तरी समाधान होईना. मग ती दर तासाला दोघींच्या घरी चौकशीला जाऊ लागली. शेवटी एकीच्या आईनं दार उघडायचंच बंद केलं.

तेव्हापासून ती मालकांच्या मागं लागली, की लोकांची उरलेली औषधं दुकानानं परत घ्यावीत आणि जाळायच्या भट्टीकडं पाठवावीत. पालिकेची तशी सोय होती, गाडीही येणार होती, दुकानानं फक्त पेटी ठेवायची होती. मालक म्हणाले, आपण औषधं विकतो, कचरा वेचत नाही. दोन वर्षं घोडं तिथंच पेंड खात होतं. अखेर मालकांनी पेटी लावून घेतली, ती पटलं म्हणून नव्हे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्यांची गत झाली म्हणून.

पेटी निळी, लोखंडी, वर फट आणि खाली कुलूप. पहिले चार महिने तिच्याकडं कोणी फिरकलं नाही. लोकांना धास्ती, की बाई विचारणार कुणाच्या, का उरल्या, डॉक्टरांना न सांगता बंद केल्या का. मेलेल्या माणसाची औषधं घेऊन चारचौघांत उभं राहायलाही नको वाटायचं. तेव्हा तिनं जाड अक्षरात फलक लिहिला: ‘ना नाव, ना गाव. घरीच खोकी काढा, नावाच्या चिठ्ठ्या फाडा, इथं टाका आणि जा. कोणी काही विचारणार नाही.’ खोकी अशासाठी काढायची, की नुसत्या खोक्यांनीच पेटी आठवड्यात भरून जायची. चिठ्ठ्या अशासाठी, की कुणाला कसलं दुखणं होतं हे भट्टीवरच्या माणसानं का वाचावं? फलक लागला आणि पेटी भरू लागली. या फलकाचा तिला भारी अभिमान. आपल्या हातून आयुष्यात चार ओळी लिहिल्या गेल्या आणि चारही कामाच्या निघाल्या, असं ती नवऱ्याला सांगायची.

एक आड एक गुरुवारी दुपारी गाडी येते. त्याआधी मागच्या खोलीत हातमोजे घालून, तोंड झाकून ती पेटी उपसते. दम्याचे फवारे वेगळे, कारण भट्टीत ते फुटतात. नको नको म्हणताना कुणी सुया टाकलेल्याच असतात, त्या चिमट्यानं उचलून जाड डब्यात. झोपेच्या आणि जबर दुखण्यावरच्या गोळ्या मालकांसमोर मोजायच्या, वर मालकांची सही. उरलेलं सगळं मोठ्या पिशवीत घालून तोंड सीलबंद. विचारायचं नाही असं ठरलं असलं तरी डोळ्यांना कसं बंद करणार? तीन दिवस घेऊन अर्धवट टाकून दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिसल्या की ती मनातल्या मनात त्या माणसाला झापते. आणि जेव्हा एकाच पिशवीतून सगळं एकदम येतं, मलम, सिरप, न फोडलेल्या पट्ट्या, तेव्हा ती जरा हळू हात चालवते. तिथं कुणीतरी गेलेलं असतं.

त्या गुरुवारी अशीच एक पारदर्शक पिशवी हाताला लागली. डोळ्यांचे थेंब, पायांना लावायचं मलम, अर्धी भरलेली खोकल्याची बाटली, आणि दुकानातलंच एक कागदी पाकीट. पाकिटाची वरची, नावाची कड फाडलेली होती. फाडली कसली, फूटपट्टी ठेवून फाडावी इतकी सरळ. खाली तिचंच अक्षर: साखरेची गोळी, सकाळी नाश्त्याआधी एक. तिनं पाकीट उपडं केलं. आतून पट्टी पडली ती रक्तदाबाच्या गोळ्यांची.

तिनं पाकीट वाचलं, पट्टी वाचली, परत पाकीट वाचलं. दोन्ही गोळ्या एकाच कंपनीच्या, चंदेरी कागद, त्यावर निळी बारीक अक्षरं. दुकानातले दोघींचे खण शेजारीशेजारी. दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या खाल्लेल्या होत्या.

आणि पट्टीचे कोपरे गोल कापलेले होते.

पट्टी कात्रीनं कापली की कोपरे टोकदार निघतात. ते गोल करत बसायला कुणाला वेळ आहे? सगळ्या गिऱ्हाइकांत एकाच घरासाठी ती ते करत असे. त्या घरातली काकू साखरेची जुनी दुखणाईत होती. बोटं बधिर झालेली, कापलं तरी कळत नसे आणि जखम मात्र महिनाभर चिघळे. पहिल्यांदा येऊन काकूनं हसत हसत सांगितलं होतं, की तुझ्या कात्रीनं मला दोनदा डॉक्टरकडं धाडलंय, आता तुझ्या कात्रीलाच औषध दे. तेव्हापासून भिंगरी त्या घरच्या एकूण एक पट्टीचे कोपरे गोल करून देत होती. नवऱ्याची औषधंही काकूच न्यायची. शेवटची आली त्याला पाच आठवडे झाले असतील. दिवससुद्धा आठवला. दुकानात वार्षिक मोजदाद चालली होती, सगळे खण जमिनीवर काढून ठेवलेले, आणि ही एकीकडं मोजत होती, एकीकडं गिऱ्हाईक बघत होती.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिच्या मनाला तर चिंतायची एकोणीस वर्षांची तालीम होती. खण चुकला. साखरेच्या पाकिटात मी रक्तदाबाच्या गोळ्या घातल्या. काकूनं त्या घेतल्या. साखर वर चढली, रक्तदाब खाली गेला, काकू गेली, आणि कुणीतरी फलक वाचून सगळं पिशवीत भरून माझ्याच पेटीत आणून टाकलं. मीच दिलं आणि माझ्याकडंच परत आलं.

हातमोजे न काढताच ती बाहेर आली आणि मालकांसमोर पाकीट आणि पट्टी ठेवली. मालकांनी चष्मा वर केला, खाली केला. ते वाईट माणूस नव्हेत, भित्रे आहेत. चाळीस वर्षं दुकान चालवून ज्यांच्या परवान्यावर एक शेरा नाही त्यांना भित्रं असावंच लागतं. त्यांनी आधी तिलाच धीर दिला, की लोक पाकिटं कशालाही वापरतात, आमच्या घरी तुझ्या पाकिटात बटणं असतात. मग हळूच म्हणाले, गाडी तासाभरात येईल, पिशवी सील कर. गेली की गेली. झाकली मूठ राहू दे.

“आणि ती काकू?” तिनं विचारलं.

“गेली असेल तर तू जाऊन ती परत येणार आहे का? आणि तू फलकावर काय लिहिलंस? कोणी काही विचारणार नाही. आता पेटीत टाकलं की बाई दारात येते, असं झालं तर परत कोण टाकेल? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?”

यातला एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून तिला जास्तच राग आला. ती मागं गेली. फवारे वेगळे केले, सुया उचलल्या, पिशवी भरली, सील लावलं. चुकीचं पाकीट आणि पट्टी मात्र पिशवीत गेली नाही, तिच्या पदराआडच्या पर्समध्ये गेली. गाडी आली. गाडीवाल्यानं पिशवी उचलली आणि नेहमीप्रमाणं विचारलं, काय ताई, सगळं आलं ना? ती हो म्हणाली. पेटी सुरू झाल्यापासूनचं तिचं ते पहिलं खोटं.

संगणकात काकूचा पत्ता होता, फोनही होता. फोन लावला, बंद. परत लावला, बंद. सहा वेळा लावल्यावर मालक न बघता म्हणाले, जेवायची सुट्टी घे, जा. तासाभरात ये. ती अंगावरचा पांढरा कोट न काढताच निघाली.

वाट वीस मिनिटांची होती. तिनं ती बारा मिनिटांत काटली आणि सगळी वाट ती स्वतःशीच बोलत होती. आधी वाक्य जुळवलं, की काकूंच्या औषधात थोडा गोंधळ झाला असावा. थोडा? मग ठरवलं, की गोंधळ नाही म्हणायचं, चूक म्हणायचं. कुणाची? दुकानाची. नाही, माझी. सिग्नलपाशी उभी असताना शेजारची बाई तिच्याकडं बघून जरा बाजूला सरकली. एकदा वाटलं परत फिरावं, गाडी गेली, पाकीट गटारात टाकलं की पुरावाही गेला. हा विचार आपल्या डोक्यात आला याचीच तिला इतकी भीती वाटली की ती जवळजवळ धावायलाच लागली.

इमारत तीन मजली, खाली दिव्यांचं दुकान. दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण बादली घेऊन जिना धूत होती. भिंगरीनं काकूचं घर विचारलं तशी तिनं फडकं पिळून ठेवलं.

काकूंना जाऊन तीन आठवडे झाले, शेजारणीनं सांगितलं. काका असतात एकटे. मुलगा परदेशी, आठ दिवस येऊन गेला. काकांचं काही खरं दिसत नाही. दुःखानं माणूस पार खचलाय. सकाळी सकाळी घामानं भिजलेले असतात, हात थरथरतात, परवा इथंच भिंत धरून उभे होते, मला म्हणाले तुम्ही कोण. इतका जीव होता हो त्यांचा तिच्यावर, आम्हाला कधी कळलं नाही.

भिंगरीला यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं. बाकीचं कानावर पडलं, आत गेलं नाही. तिनं कठडा धरला, दोन पायऱ्या चढली आणि बेल वाजवली.

दार उघडलं ते उंच, वाळकुड्या आजोबांनी. अंगात इस्त्रीचा सदरा, बटणं एक घर चुकून लावलेली. कपाळावर घामाचे थेंब. तिचा पांढरा कोट बघून ते म्हणाले, दुकानातल्या ना तुम्ही, ती तुमच्याबद्दल सांगायची, कोपरे गोल करून देणाऱ्या. या. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लावून रचलेली वर्तमानपत्रं, ओट्यावर न उघडलेला पाव. ते बसले. ती बसली नाही.

“काका, मी एक सांगायला आले आहे,” ती म्हणाली. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. “पाच आठवड्यांपूर्वी मी काकूंना चुकीच्या गोळ्या दिल्या. साखरेच्या ऐवजी रक्तदाबाच्या. हे पाकीट तुमच्या पिशवीत निघालं. अक्षर माझं आहे. काकू त्यानंच गेल्या असतील तर ते माझ्यामुळं झालं. तुम्ही मला काय करायचं ते करा.”

त्यांनी पाकीट हातात घेतलं. हात इतका थरथरत होता की कागद वाजत होता. बराच वेळ ते त्याच्याकडं बघत राहिले. जणू कुणी लांबून बोलतंय आणि त्यांना नीट ऐकू येत नाही. मग सावकाश म्हणाले, की साखरेची गोळी तर डॉक्टरांनी तिची महिन्यापूर्वीच बंद केली होती. पोटात इंजेक्शन घ्यायची ती. गोळ्या घरात नुसत्या पडून होत्या. तुमच्याकडून शेवटची आणली तीच बंद झाली, त्यामुळं तुम्हाला शिव्या घालत होती, फुकट कोपरे कापले म्हणून. गेली ती छातीत पाणी होऊन. दवाखान्यात, चार दिवसांत.

भिंगरीच्या छातीवरचा धोंडा उतरला. पाठोपाठ लाज आली. समोर बायको गेलेला माणूस बसलाय आणि आपण सुटलो म्हणून आपल्याला नाचावंसं वाटतंय. ती तेवढ्यावर निघूनही गेली असती. तासाची सुट्टी होती आणि अर्धा तास संपला होता. पण स्वभावाला औषध नाही. तिचं डोकं दारापर्यंत गेलं आणि कुलूप ओढून बघायला परत आलं. काकू त्या गोळ्या घेतच नव्हती, तर मग साखरेच्या पाकिटात रक्तदाबाची पट्टी आली कुठून? आणि तिच्यातल्या चार गोळ्या खाल्ल्या कुणी? आणि जिन्यातली बाई सकाळच्या घामाबद्दल काय म्हणत होती?

“काका, रक्तदाबाच्या गोळ्या तुम्हाला आहेत ना?”

“आहेत की. घेतो रोज. चुकवत नाही.” त्यांनी टेबलावरची पत्र्याची डबी पुढं केली. “सकाळी उठल्या उठल्या एक. आजही घेतली.”

डबीत पट्टी होती. चंदेरी कागद, निळी बारीक अक्षरं, गोल कोपरे. पंधरातल्या सहा उरलेल्या. साखरेच्या गोळ्या.

म्हणजे ज्याला साखरेचा आजारच नाही असा म्हातारा माणूस नऊ दिवस साखर उतरवायची गोळी घेत होता, तीही उपाशीपोटी, कारण ओट्यावरचा पाव उघडलेलाच नव्हता. तिनं एकही शब्द बोलायच्या आधी साखरेचा डबा शोधला. तिसऱ्या फळीवर सापडला. पेलाभर पाण्यात पाच चमचे साखर ढवळून तिनं तो त्यांच्या तोंडाला लावला, आणि त्यांनी नको नको करत, दातांवर पेला वाजवत तो संपवला. दुसरा केला. मग पावाचं पाकीट फाडलं आणि खायला लावलं. मग मालकांना फोन केला. काय झालं ते तीन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाली, या गोळीचा असर लवकर जात नाही, साखर परत उतरेल, यांना दवाखान्यात ठेवावं लागेल. तिला वाटलं मालक परवान्याचं काढतील. मालक म्हणाले, शटर ओढतो, गाडी घेऊन मीच येतो, तोवर त्यांना झोपू देऊ नकोस.

झोपू द्यायचं नाही म्हणून ती त्यांना बोलतं ठेवू लागली. गोळ्या बदलल्या कशा, तेच विचारलं.

ते म्हणाले, की गोळ्यांचं सगळं तीच बघायची. सकाळी उठलो की टेबलावर पाणी आणि गोळी असायची. कुठली, कशाची, कधी विचारलं नाही. ती गेल्यावर चार दिवस मुलानं दिली, तो गेल्यावर मी घेऊ लागलो. मग म्हटलं, तिची औषधं घरात कशाला, ती नेहमी तुमच्या पेटीचं सांगायची. पिशवीत भरून दुकानात आलो. तिथं फलक वाचला.

भिंगरीला आता आठवलं. दहाएक दिवसांपूर्वी एक उंच म्हातारा माणूस फलकासमोर बराच वेळ उभा होता. बोट धरून वाचावं तसा एकेक शब्द वाचत होता. मग हातातली पिशवी न टाकताच परत गेला. तिला तेव्हा विचारावंसं वाटलं होतं, की काका, काही मदत हवी का. पण कोणी काही विचारणार नाही, हे तिनंच लिहिलेलं होतं.

“मी चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, बाई,” ते म्हणाले. जीभ आता जरा मोकळी चालत होती. “समोर लिहिलंय तसंच लावायचं. आपली अक्कल घालायची नाही. तुम्ही लिहिलं होतं घरी खोकी काढा, चिठ्ठ्या फाडा. परत आलो. सगळं या टेबलावर मांडलं, तिचंही आणि माझंही, म्हणजे काही राहायला नको. सगळी खोकी काढली. पट्ट्या बाहेर काढून सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या, फूटपट्टी लावून. आणि मग बघतो तर माझी कुठली आणि तिची कुठली, काही कळेना. नुसत्या चंदेरी पट्ट्या. बारीक अक्षर दिसत नाही. एक माझ्या पट्टीसारखी वाटली ती डबीत ठेवली. उरलेली पाकिटात घातली.”

करायला गेले काय आणि झालं काय. खण चुकला नव्हता, मोजदादीच्या दिवशी तिचा हात चुकला नव्हता. चुकल्या होत्या त्या चार ओळी, ज्यांचा तिला अभिमान होता. खोक्यावर औषधाचं नाव मोठं असतं, चिठ्ठीवर माणसाचं. ती दोन्ही काढून टाकायला तिनंच सांगितलं होतं, तेही घरी, एकट्यानं, दोन माणसांची औषधं जिथं एकाच टेबलावर असतात तिथं. या काकांनी तर निदान सगळं पाळलं होतं. अशी आणखी किती टेबलं असतील?

“माझ्या फलकामुळं झालं हे, काका,” ती म्हणाली. “माझंच चुकलं. दुसऱ्या रीतीनं, पण माझंच.”

ते ऐकत नव्हते. ते आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. त्यांनी तो टेबलावरून उचलला, बोटं पसरली, हवेत धरला. घाम सुकला होता.

“थांबलं,” ते म्हणाले.

“साखर पोटात गेली ना. जरा वेळानं परत होईल, म्हणून दवाखान्यात जायचंय.”

“म्हणजे हे गोळीचं होतं?”

“हो.”

तिला वाटलं आता ते रागावतील, आणि तिला ते हवंच होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याची वस्तू कुणी हातातून काढून घ्यावी तसं काहीतरी होतं.

“ती गेली तेव्हा मला काहीच झालं नाही,” ते म्हणाले. “मुलगा रडला, शेजारीण रडली. मी दवाखान्याचे कागद नीट लावून ठेवले. घरी आलो, जेवलो, झोपलो, पेपर वाचला. दहा-बारा दिवस असेच. मला स्वतःचीच किळस आली. बेचाळीस वर्षं जिच्याबरोबर काढली, तिच्यासाठी माझ्यात एवढंच होतं? मग एका सकाळी अंग थरथरायला लागलं, घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. बरं वाटलं हो मला. म्हटलं, आलं एकदाचं. रोज सकाळी यायचं. मी वाट बघायचो त्याची.” त्यांनी तिच्याकडं पाहिलं. “ते तिच्यासाठी नव्हतंच?”

काहीतरी गोड खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण आज एक खोटं बोलून झालं होतं.

“थरथर आणि घाम गोळीचा होता, काका,” ती म्हणाली. “वाट मात्र तुम्हीच बघत होता, तिच्यासाठी.”

त्यांनी मान हलवली. रिकामा पेला उचलला, तळाशी राहिलेल्या साखरेकडं पाहिलं, आणि हात जराही न हलता तो खाली ठेवला. मग ओठ वाकडे झाले, खांदे पुढं आले, आणि ते मोठ्यानं रडू लागले, चुकीची बटणं लावलेला सदरा दोन्ही मुठींत धरून. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खाली मालकांच्या गाडीचा हॉर्न वाजला. तिनं खिडकीतून हातानंच खूण केली, दोन मिनिटं थांबा.